गुंडेरावांचा आवाज माझ्याकडे होता

बोलतोय तो मीच, मुडबीच्या गुंडेरावांच्या घरातला जुना लॅपटॉप. बॅटरी कधीच संपली, त्यामुळे वायर लावली तरच जागा होतो. तरी माझं थोडं ऐकून घ्या, कारण या घरात बोलण्याचं काम माझ्याकडे होतं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती दीपमालापासून. गुंडेरावांची ही थोरली लेक कडगंचीच्या विद्यापीठात शिकत होती. तिनं मला जुन्या मालाच्या दुकानातून आणलं, आधीची कंपनीची प्रणाली काढली आणि मुक्त प्रणाली घातली.

"आता हे आपलं हाय, अप्पा," ती वडलांना म्हणाली. "आत काय चाललंय ते उघडून बघता येतंय, बदलता येतंय. कुणाला इचारायला जायचं न्हाई."

गुंडेरावांना त्यातलं फारसं समजलं नाही. मला समजलं, आणि बरं वाटलं.

गुंडेरावांचं सगळं आयुष्य बसवकल्याणच्या बसस्टँडवर गेलं. कुठली गाडी कुठं लागली ते ओरडून सांगायचं, हेच त्यांचं काम. उमरगा, सोलापूर, हुमनाबाद, आधी कन्नडमधून, मग मराठीतून, आणि समोर कुणी म्हातारे चाचा दिसले तर दखनीतून. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. त्यांच्या बायकोची, भागाबाईंची नजर तोवर काचबिंदूनं गेली होती. म्हणजे लिहून दाखवावं तर त्यांना दिसणार नाही, आणि बोलावं तर ह्यांचा गळाच राहणार नाही.

ऑपरेशनच्या आधी दीपमालानं त्यांना माझ्यासमोर बसवलं. ते बोलत गेले, मी साठवत गेलो. भागे, च्या टाक. ऊन झालंय, आत ये. कोण आलंय बघ. जयभीम. भागाबाई शेजारी बसून आठवण करून देत होत्या. "माझ्यावर खेकसल्यालं बी घाल बाई," त्या लेकीला म्हणाल्या. "त्याबिगर मला करमायचं न्हाई." मग गुंडेराव खरोखरच खेकसले, आणि तिघंही हसली.

ते घरी परतले तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यातून नुसता वारा यायचा. दीपमालानं प्रत्येक वाक्यासाठी पडद्यावर एक चित्र ठेवलं होतं; त्यावर ते बोट ठेवायचे आणि मी त्यांच्या आवाजात बोलायचो. भागाबाई भांडी घासता घासता उत्तर द्यायच्या. परक्यानं बाहेरून ऐकलं असतं तर घरात काही झालंय असं त्याला वाटलंच नसतं.

धाकटा मुलगा नागेश कलबुर्गीला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. बापावर त्याचा जीव होता, हे मी आजही सांगेन. "ह्यात ठराविकच वाक्यं हायत," तो म्हणाला. "अप्पाला मनातलं बोलता यायला पायजे." त्यानं माझ्यात नवी प्रणाली आणली. तिचं सगळं कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर चालायचं. गुंडेरावांचा आवाज तिकडं पाठवला की ते लिहितील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येणार होतं. पडद्यावर अटींची पानंच्या पानं आली. नागेशनं न वाचता प्रत्येक पानाखाली 'मान्य' दाबलं. माणसं तसंच करतात. मग आवाज तिकडं पाठवून माझी डिस्क धुवून पुसून टाकली.

दीपमालानं फोनवर विचारलं, "मूळच्या फायली काढून ठिवलास का?" तिच्या मोबाईलमधली प्रत मोबाईलसकट बसमध्ये चोरीला गेली होती.

"वर कंपनीकडं हायत की, अक्का. घर जळालं तरी जायच्या न्हाईत."

आणि खोटं कशाला सांगू, सुरुवातीला फार चांगलं झालं. पहिल्याच दिवशी गुंडेरावांनी अडखळत लिहिलं आणि मी बोललो, "भागे, तुझं डोळं गेलं तवा मी स्टँडमागं जाऊन रडलो."

भागाबाईंचा हात थांबला. "तवाच कामून न्हाई सांगितलाव?" त्या हळूच म्हणाल्या.

हे वाक्य मी एकट्यानं त्यांना देऊ शकलो नसतो. पण आता प्रत्येक शब्द आधी दूर जायचा आणि तिथून परवानगी घेऊन यायचा. गावात नेट गेलं की गुंडेराव मुके व्हायचे. मी नुसती खिडकी उरलो होतो.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. गुंडेरावांनी नेहमीसारखं लिहिलं, "भागे, जेवलीस का गं?" माझ्यातून कुणा तरण्या माणसाचा गुळगुळीत आवाज आला.

भागाबाईंनी झटकन पदर डोक्यावर ओढला. "कोण आलंय वो घरात?"

गुंडेरावांनी घाईनं लिहिलं, "मीच हाय." तोच परका माणूस म्हणाला, "मीच हाय." भागाबाई उठल्या आणि भिंत चाचपडत आतल्या खोलीत गेल्या.

कंपनीनं ती सोय बंद केली होती. तशी सूचना इंग्रजीतून आली होती, ती कुणी उघडलीच नव्हती. नागेश गावी आला, त्यानं फोन लावले, ते यंत्रानंच उचलले. शेवटी उत्तर आलं: तुम्ही मान्य केलेल्या अटींप्रमाणे आवाजाचे नमुने काढून टाकले आहेत. नागेश अंगणात तोंड फिरवून उभा राहिला. दीपमालानं माझी डिस्क खरवडून पाहिली, काही निघालं नाही. एका लग्नाच्या व्हिडिओत गुंडेरावांचे ओठ हलताना दिसले, पण आवाज सगळा बँडचा.

तिनं पुन्हा मुक्त प्रणाली घातली. आता माझ्यावर कुणाचा हुकूम नाही. पण जे राखायचं होतं ते राहिलं नाही, आणि माझ्या या सुटकेचा कुणाला काय उपयोग, मला कळत नाही. तुमच्या घरात कुणाचा आवाज असेल, तर त्याची एक प्रत तुमच्याच कपाटात ठेवा. एवढंच मागणं आहे.

तो परका आवाज भागाबाईंनी पुन्हा घरात येऊ दिला नाही. म्हणून दीपमालानं घंटेचा आवाज घातला. एक टोल म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाई. भागाबाई विचारतात आणि गुंडेराव दाबतात. गोळी घेतलाव का? एक टोल. दुखायलंय का? दोन टोल. अलीकडं त्यांचे प्रश्नही कमी झालेत.

काल संध्याकाळी दोघं माझ्यासमोर बसली होती. मग भागाबाई म्हणाल्या, "काय इचार करायलाव वो?"

गुंडेरावांनी बोट पुढं केलं. ते घंटेच्या कळीवर टेकलं आणि तसंच राहिलं. भागाबाई मान वळवून, कान माझ्याकडं देऊन वाट बघत होत्या.