आमच्याकडे काही त्रास नाही

माणूस एक वेळ उपाशी राहील, पण विहिणीसमोर ढेकर देईल. काकूंचं त्या दुपारी नेमकं तेच झालं.

काकू जुने कपडे उसवून, बेतून पुन्हा शिवून द्यायच्या. सगळी इमारत त्यांना काकूच म्हणायची. नवरा रंगारी. जन्मभर कारखान्यात फवाऱ्याने रंग मारला आणि शेवटी तो रंग त्याच्याच छातीत जाऊन बसला. आता तो आतल्या खोलीत पलंगावर, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. दिवसभर चालू ठेवा, असं डॉक्टर सांगून गेले होते. डॉक्टरांच्या बापाचं काय जातं! विजेचे दर वाढले तसं काकूंनी दुपारचं जेवण झालं की मशीन बंद करायचं आणि दिवेलागणीला लावायचं ठरवून टाकलं. मधल्या वेळात रंगारी भिंतीला टेकून बसायचा आणि बोलणं टाळायचा. बाहेरच्या खोलीतल्या हीटरवर तर चादरच टाकलेली होती. थंडी वाजली की स्वेटरवर स्वेटर.

अशात सरकारने जाहीर केलं की घरोघरी पाहणी होणार, विजेच्या खर्चाबद्दल लोकांचं मत विचारणार आणि ज्यांची खरीच ओढाताण आहे त्यांना सवलत देणार. मशीनवर पेशंट असेल तर आधी. काकू देवाची बघावी तशी त्या पाहणीवालीची वाट बघायला लागल्या. काय काय सांगायचं ते शिवता शिवता घोकून झालं होतं. "या वेळी काही लपवायचं नाही," असं त्यांनी रंगाऱ्यालाही बजावलं होतं.

आणि बघा नशीब! पाहणीवालीच्या आधी विहीणबाई दारात. ना निरोप, ना फोन. काकूंची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. काकूंची जी तारांबळ उडाली! हीटरवरची चादर ओढली, बटण दाबलं, होते नव्हते ते दिवे लावले आणि आत जाऊन मशीनही सुरू केलं.

रंगाऱ्याने भुवया उंचावल्या.

"गप्प बसा," काकू कुजबुजल्या. "विहीणबाई आल्यात."

विहीणबाई हीटरला अगदी खेटून बसल्या. चहा झाला, लेकीची खुशाली झाली आणि तेवढ्यात दार वाजलं. पाहणीवाली पोरगी जिने चढून दमली होती. मांडीवर टॅब ठेवून तिने थेट विचारायला सुरुवात केली.

"विजेचे दर परवडतात का, काकू?"

काकूंनी विहीणबाईंकडे पाहिलं. "न परवडायला काय झालं?"

"खर्चापायी हीटर बंद ठेवावा लागतो?"

"छे गं! थंडीत काय गारठून मरायचंय?"

"आणि पेशंटचं मशीन?"

आतून त्याची घरघर ऐकू येत होती. "ते चोवीस तास चालू असतं," काकू म्हणाल्या.

पोरगी घुटमळली. "काकू, नीट विचार करून सांगा. एकदा पाठवलं की बदलता येत नाही. सवलत यावरच ठरणार आहे."

अहो, एक शब्द बोलायचा होता! जरा बाहेर ये, एवढं म्हणून जिन्यात नेलं असतं तरी भागलं असतं. पण विहीणबाई मान तिरकी करून ऐकत होत्या. उद्या स्वयंपाकघरात लेकीला ऐकावं लागेल, तुझ्या आईकडे नवऱ्याला श्वास द्यायचीही ऐपत नाही म्हणून. काकूंना ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

"पाठव तू," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे काही त्रास नाही."

पोरगीने बोट टेकवलं आणि ती शेजारच्या दाराकडे गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे. म्हणणाऱ्याला विजेचं बिल येत नसणार.

विहीणबाई काही उठेनात. अंधारून आलं तेव्हा कुठे हलल्या. दारात बूट चढवता चढवता एकदम म्हणाल्या, "एक सांगू? आमच्याकडे हीटर लावत नाही आम्ही. गुडघे धरून बसते हो मी दिवसभर. ऊब मिळेल म्हणूनच आले आज. ही पोरगी काल आमच्याकडेही आली होती. तुमची लेक शेजारीच उभी. सुनेसमोर कसलं रडगाणं गायचं? मीही सांगितलं, काही त्रास नाही म्हणून." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

आता तरी बोलायचं की नाही? घरोघरी मातीच्या चुली, एवढं म्हटलं असतं तरी दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असत्या, मन हलकं झालं असतं. काकूंनी तोंड उघडलंही. पण आयुष्यभराची खोड ती. बाहेर काय पडलं?

"अगंबाई, मग रोज दुपारी येत जा की! आमचा हीटर चालूच असतो."

"खरंच येऊ?"

"हे काय विचारणं झालं!"

विहीणबाई हसत हसत जिना उतरल्या. काकूंनी दार लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जळली मेली ती जीभ, असं पुटपुटत त्यांनी हीटर बंद केला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आतली घरघरही थांबली आहे.

त्या धावतच आत गेल्या. रंगाऱ्याने नळी काढून उशाशी ठेवली होती. त्याचा हात मशीनच्या बटणावर होता.

"अहो, हे काय करताय? मी चालू ठेवणार होते!"

"रोज येणार ना... त्या?" त्याने दम घेतला. "हीटर लागेल मग. हे रात्रीचंही... बंद ठेवत जाऊ."

काकू त्याचा हात ओढायला लागल्या. त्यांना रडू आवरेना. "मी उद्या सांगते त्यांना. पाया पडून खरं खरं सांगते."

"नको," रंगारी म्हणाला. बटणावरचा हात त्याने काढला नाही. "पोरीचं सासर आहे ते."