तांबडी चिंधी

दलदलीतल्या झाडीतून जुन्या किल्ल्याकडे जाणारी लाकडी पायवाट सांभाळायचं काम सुतारदादाचं. त्याची पद्धत साधी. फळी कुजली की तिच्याजवळच्या कठड्याला तांबडी चिंधी बांधायची, म्हणजे माणूस ती ओलांडून जातो.

आज सकाळी त्याला हुक्की आली. बहिणीचा नवरा किल्ला दाखवायचं काम करी, आणि चालायचा असा की जणू त्यानेच किल्ला बांधला. त्याला जरा नाचवावं म्हणून सुतारदादाने कुजक्या फळीवर हत्यारांची पेटी आडवी ठेवली आणि तिची चिंधी काढून पुढच्या धडधाकट फळीपाशी बांधली. दाजी आले, पेटी ओलांडली, चिंधीपाशी बेडकासारखी टुणकन उडी मारून किल्ल्याकडे गेले. सुतारदादा पोट धरून हसला, पेटी उचलली आणि चहाला गेला. चिंधी तिथेच राहिली.

अर्ध्या चहात त्याला आठवण झाली. तो पळत आला. किल्ल्याजवळच्या घरून बहीण त्याचा डबा घेऊन येत होती. दोन जिवांची. आणि कुजक्या फळीखाली पडक्या पुलाचे टोकदार खुंट होते, पाणी आटलं की दिसायचे.

"थांब! चिंधीपुढची फळी कुजलीय."

"हो का? मागच्या वेळी तिथे मगर होती," ती चालतच म्हणाली. "आणि चिंधी मग अलीकडे कशी?"

"मी हलवली."

"ह्यांनी सांगितलं मला सकाळचं. आता माझा नंबर का, दादा?"

"आईशप्पथ थांब गं."

"आईची शप्पथ तू मगरीच्या वेळीही घेतली होतीस."

तिचं चुकत नव्हतं. फळी तिला जास्त जवळ होती; वाट वळसा घेत होती, खालून अंतर कमी होतं. त्याने कठड्यावरून उडी टाकली. चिखल मांड्यांना चिकटला, पाय सुटेना. हातांनी झाडाची मुळं ओढत तो पुढे सरकला.

"हे मात्र नवीन आहे," ती वरून म्हणाली.

त्याने खांदा फळीखाली रेटला. तिचं पाऊल पडलं. फळी कडाडली, खिळा कातड्यात घुसला, सगळा भार मानेवर आला. त्याने श्वास धरला. दुसरं पाऊल पलीकडे टेकलं.

ती वळली. फळी मधोमध चिरली होती.

"दादा," ती हळू म्हणाली, "हस ना रे."

त्याने प्रयत्न केला. दातांवर दात आपटत होते.