चिपाड, आवाज वगळून

ड्रम्स

वीरधवलनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर गायकाच्या आवाजाची पट्टी बंद केली. गिटारची केली. बासचीही. उरले पल्लवीचे ड्रम्स आणि त्यांच्यामागं, विहिरीत तोंड घालून कुणी ओरडावं तसा, ऋषिराज.

"ऐकलंस? घरातनं हाकललाय, तरी परड्यात उभा हाय गडी."

माधवनगरातल्या बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याचा पसारा होता. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर त्याचं पोट चालायचं. जीव मात्र डब नावाच्या संगीतावर. झालेलं गाणं घ्यायचं, त्यातलं मांस काढायचं, ताल आणि बास ठेवायचा, एखादा शब्द घुमवत घुमवत हवेत सोडून द्यायचा. मोडलेल्या 'चिपाड' बँडच्या गाण्यांचा तो असा अल्बम करत होता. बासवाला सूरज हो म्हणाला. गाणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या ऋषिराजनं कळवलं, माझा आवाज नको. एक शब्दसुद्धा.

"मग त्याचा काढ, माझं ठेव," पल्लवी म्हणाली.

"कसं काढू? इस्लामपुरात एका खोलीत तिघं एकदम वाजवत हुता तुमी. तुझ्या माइकात शिरलाय त्यो. मळलेल्या पिठातनं मीठ काढ म्हनतीस."

पुन्हा वाजव, असं तो म्हणाला नाही. तिच्या उजव्या मनगटात स्टीलची पट्टी होती. गेल्या हंगामात पेठ नाक्याजवळ ट्रॉलीतनं सांडलेल्या उसावरनं गाडी घसरली, तेव्हापासून बोटांत काठी ठरत नव्हती. तिनं वाजवलेलं जे काही जगात होतं, ते या गाण्यांत होतं.

"मी जाते साताऱ्याला. विचारते त्याला."

गाणं (बंद)

साताऱ्यात ऋषिराजचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"मनगट म्हनतोस? हाय तसंच."

—

"व्हय, वीरधवलच करतोय. मिशी राखलीय आता. घाण दिसतीय."

—

"अरे, पुढं न्हाई येनार तू. मागं, बारीक. कुनाला कळनार बी न्हाई."

—

"तुला कळंल. ते हाय."

त्यानं काउंटरच्या वर बोट दाखवलं. फोटो, ताजा हार. सुभेदार नाथाजी, त्याचे वडील. 'चिपाड'ची बहुतेक गाणी त्यांच्यावरच होती. त्यांचा पट्टा, त्यांची पहाटेची शिट्टी, जेवताना ताट वाजलं की उठवून उभं करणं. कॉलेजच्या मैदानावर पोरं हसून लोळायची. मग एकदा कुणीतरी ते त्यांना फोनवर ऐकवलं. त्यानंतर ते मुलाशी बोलले नाहीत, आणि दिवाळीत गेले.

"काकांना वाईट वाटलंच नसंल, असं कसं म्हनू मी?"

—

वाटेत एसटीत तिनं एक वाक्य घोळून घोळून पाठ केलं होतं. तुझ्याबरोबर माझं वाजवणंही जाईल, ऋषी. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिनं त्यावर चहाचा घोट घेतला.

"नको, दुसरा नको. ॲसिडिटी हुतीय."

त्यानं तिची पिशवी उचलली, स्टँडपर्यंत आला. एसटी सुटेतो खिडकीखाली उभा राहिला.

किक

"काढ," ती वीरधवलला म्हणाली.

"समदं?"

"जिथं जिथं त्यो हाय तिथनं."

झांजा गेल्या. काठीनं वाजणारा स्नेअर गेला. त्यांच्या जागी मशिनचा ताल आला, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला.

"ह्ये तेवढं ऱ्हातंय बग. पायाचा ढोल. माइक पार आत हुता, वरचा आवाज कापला की ऋषिराज गायब."

धप्. धप्-धप्.

पायाचं तिला कधीच जमलं नव्हतं. सूरज चिडवायचा, तुझा पाय मुक्कामाच्या गाडीनं येतोय गं. खरंच उशिरा पडत होता. वीरधवलनं त्याच्यावर घुमारा सोडला, शेडचे पत्रे थरथरले, आणि तो उशीर भिंतीभिंतीवरनं परत परत ऐकू आला.

"ओढून तालावर बसवू का? दोन मिन्टाचं काम हाय."

"नको. बाकी समदं मशिनच हाय की. असू दे उशिरा."

त्यानं सेव्ह केलं. मग जुन्या फाइलींवर बाण नेऊन थांबला.

"आनि हे? पुसू?"

पल्लवीनं डाव्या हातानं पिशवी उचलली.

"पुसू नको," ती म्हणाली. "पन मला पाठवू बी नको."