गाळलेला शब्द

धम्मानंद सरांना एका गोष्टीचा भारी गर्व होता: त्यांच्या वाक्यात फालतू शब्द शोधून सापडायचा नाही. विज्ञानावरची सतरा पुस्तकं त्यांनी लिहिली होती. गावोगावी पोचायचं तर पुस्तक पातळ आणि स्वस्त हवं, म्हणून स्वतःच्या लिखाणावर कात्री चालवताना सर जरा जास्तच खुशीत असायचे.

त्या सकाळी सात वाजता भिवापूरहून इंदुताईंचा फोन आला. सरांचा नंबर त्यांच्या पुस्तकाच्या मागेच छापलेला होता. त्यांचे यजमान कवडूभाऊ मिरचीचे व्यापारी आणि सरांचे पक्के वाचक. पहाटे पोती हलवताना त्यांच्या पायाला मण्यार चावली होती. शेजारी दवाखान्यात न्यायला धावले, तर भाऊंनी सरांचं सापांवरचं पुस्तक उघडून दाखवलं आणि सगळ्यांना परत पाठवलं. इंदुताई चक्क आभार मानत होत्या. फक्त आता ह्यांचे डोळे उघडत नाहीत, झोप फार येते म्हणतात, एवढंच.

सरांनी घाईघाईनं पुस्तक काढलं. पान चौतीस. ‘मण्यार विषारी असली तरी तिच्या दंशाने त्रास होत नाही.’ मूळ वाक्यात ‘सुरुवातीला’ हा शब्द होता. एक ओळ पुढच्या पानावर सांडत होती, म्हणून तो त्यांनीच उडवला होता.

त्यांनी इंदुताईंना फोन स्पीकरवर टाकून भाऊंपुढे धरायला लावला. विष चढतंय, गाडी काढा, असं परोपरीनं सांगितलं. कवडूभाऊंची जीभ जड झाली होती, पण हेका सुटत नव्हता.

“तुमीच तं लिवलं सर, ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवू नका, पुस्तक पाहा. पाहिलं मी. झोपू द्या मले.”

तीस वर्षं घसा कोरडा करून सरांनी हेच शिकवलं होतं, आणि आता एक शहाणा माणूस ते ऐकून मरायला निघाला होता. सरांची शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली.

“पुस्तक चुकलं गा भाऊ. मीच चुकलो. इंदुताई, फाडा ते पान. त्यायले उचला अन् दवाखान्यात न्या.”

पलीकडे कागद टरकावल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा, आणि फोन बंद.

भिवापुरात इंजेक्शनं देऊन भाऊंना नागपूरला आणलं, तोवर त्यांचा श्वास अडकला होता. तीन दिवस ते मशीनवर होते. सर बाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी नळी निघाली तेव्हा त्यांनी आत जाऊन हात जोडले. भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर सरांना बरंच वाटलं असतं.

“बाकीची सोळा पुस्तकं बी घरी हायेत सर,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “त्यायच्यात काय काय गाळलं हाये, तेवढं सांगून द्या.”

सर बोटांवर एकेक पुस्तक मोजू लागले. त्यांना गाळलेला एकही शब्द आठवत नव्हता.