पंचमुखीच्या पोटातली गोष्ट

मी पंचमुखी बोलतोय. हे माझं पाळण्यातलं नाव नव्हे. बाजारात मला हब म्हणतात. वीतभर लांबीचा निळा डबा, पुढे हिरवे दिवे, मागे पाच भोकं. एकेका भोकात एकेका कॉम्प्युटरची तार खोचली, की घरातले सगळे कॉम्प्युटर माझ्यामार्फत एकमेकांशी बोलू लागतात. 'पंचमुखी' हे नाव यमुनाआत्यानं ठेवलं. मारुतीच्या तसबिरीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत ती म्हणाली होती, "सारखेच दिसतात."

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. एका तोंडाशी जे आलं, ते मी बाकीच्या सगळ्या तोंडांनी लगेच सांगून मोकळा होतो. निरोप कुणासाठी आहे, खासगी आहे का, असल्या चौकशा मी करत नाही. माणसांत याला चुगलखोरी म्हणतात. आमच्यात याला नोकरी म्हणतात.

जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. मग इंदूरच्या एका दुकानात धूळ खात पडलो होतो. दोन हजार चार साली अवंतीनं मला विकत घेतलं आणि देवासच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिठाई है क्या, बेटा?"

"नहीं आंटी, क्रांति है," अवंती म्हणाली.

बाईंनी आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

अवंती बंगलोरला शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि एक दिवस राजीनामा देऊन घरी परतली. गल्लीतल्या मराठी घरांतली मुलं मराठी बोलत, पण वाचत नसत. शाळा हिंदी. मराठी पुस्तक पुढे केलं की पहिल्याच 'ळ'पाशी अडखळत आणि पतंग उडवायला पळत. अवंतीचं म्हणणं असं, की पुस्तक न वाचणारा पोरगाही मित्राची चिठ्ठी वाचतोच. म्हणून तिनं तीन जुने कॉम्प्युटर मिळवून घरातल्या तीन खोल्यांत मांडले आणि मधोमध मला बसवलं. शेजारचा चिराग माडीवर, त्याची बहीण मोना पुढच्या खोलीत. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. अट एकच, चिठ्ठी मराठीत.

अवंतीचे वडील नारायणराव कारखान्यातून निवृत्त झालेले. ती त्यांना दादा म्हणे. दादांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता.

"लोकांची पोरं बंगलोरला जायला धडपडतात. तू तिथून परत येऊन पोरांना चिठ्ठ्या लिहायला शिकवणार?"

"लिहायला नाही दादा, वाचायला."

"दसऱ्यापर्यंत मुदत देतो. संध्याकाळी गल्ली सोनं द्यायला येईल. चारचौघांसमोर चालवून दाखव. नाही चाललं, तर हा डबा माळ्यावर आणि तू बंगलोरला. साहेबाचा फोन दोनदा येऊन गेलाय."

"कबूल," अवंती म्हणाली. कबूल तिनं केलं. माळ्यावर मी जाणार होतो.

माझी जागा देवघरात होती. भक्तीचा त्यात काही संबंध नाही. घराच्या मधोमध विजेचा प्लग तेवढा एकच, देवाच्या दिव्याचा. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण आणि देवघराची मालकीण. उदबत्तीचा धूर खात, टेकडीवरच्या देवीची भजनं ऐकत माझं छान चाललं होतं.

मग खंडेनवमी आली. या घराण्यातलं कुणी पूर्वी दरबारी चाकरीला होतं, त्याची एक तलवार उरली आहे. नवमीला ती पुसून देवापुढे मांडतात. शेजारी दादांचे कारखान्यातले पाने, आत्याचा अडकित्ता आणि विळी. त्या वर्षी आत्यानं मलाही त्या रांगेत घेतलं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तलवारीशेजारी बसताना माझी छाती फुगली, खोटं का बोला.

तेवढ्यात आत्याची नजर माझ्या पाठीमागे गेली. तीन भोकांत तीन कॉम्प्युटरच्या तारा. चौथ्यात एक जादा तार होती, पुढेमागे आणखी एक कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून लावून ठेवलेली. तिचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. आणि पाचवं भोक रिकामं.

"सणाच्या दिवशी एक पान रिकामं? बरं दिसत नाही," आत्या पुटपुटली. तिनं ते लोंबतं टोक उचललं आणि पाचव्या भोकात खोचलं. माझं एक तोंड माझ्याच दुसऱ्या तोंडाला जोडलं गेलं.

पुढच्या खोलीतून मोनानं लिहिलं, 'काय करतोस?' मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना सांगितलं, म्हणजे चौथ्या तोंडातूनही सांगितलं. ते तारेतून गरकन फिरून पाचव्या तोंडाशी आलं. मला वाटलं, नवी बातमी. मी पुन्हा सगळ्यांना सांगितली. ती पुन्हा परत आली. क्षणभरात माझ्या पोटात 'काय करतोस'ची जत्रा भरली. त्या गर्दीत चिरागपर्यंत काहीच पोचेना. दिवे मात्र सगळेच्या सगळे लखलखत होते.

"दीदी, माझावाला कुछ बोलतच नाही," चिराग माडीवरून ओरडला.

अवंती धावत देवघरात आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "याचे तर सगळे दिवे लागलेत. हा ठीक आहे."

मी आयुष्यात इतका आजारी कधी नव्हतो.

"आत्या, तरी एकदा याला काढून बघते."

"हात लावायचा नाही. नवमीला मांडलेलं शस्त्र दशमीच्या आरतीनंतर हलतं."

"आत्या, हे शस्त्र नाही."

"मग रांगेत कशाला बसलंय?"

अवंतीनं तिन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. पुन्हा बंद केले. मुलांना म्हणाली, "तुम्ही लिहीत राहा रे, सुरू झालं की कळेल." बाजारातून नीलेश आला. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि प्रत्येक दुखण्याचं एकच निदान होतं.

"वायरस है, काकाजी. सब उडाना पडेगा."

"मागे आमचा पंखा बंद पडला, तेव्हाही तू हेच म्हणाला होतास," दादा म्हणाले. "मला विचाराल तर उंदीर. तार कुरतडली असणार. देवीपुढच्या कडाकण्यासुद्धा रोज कमी होताहेत."

हे मात्र खरं होतं. कडाकण्या म्हणजे देवीपुढे टांगलेल्या गोड कडक पुऱ्या. त्या रोज घटत होत्या आणि आत्यानं उंदराचा पिंजराही लावला होता. मग अवंती हातात बॅटरी घेऊन देवघर सोडून घरभर रांगली. तारेचा इंचन् इंच तपासला, दाताची खूण नाही. दादा मागून सांगत होते, "नीट बघ. लबाड उंदीर आहे."

दसऱ्याची संध्याकाळ झाली. आरती उरकली. हातात आपट्याची पानं घेऊन गल्ली पुढच्या खोलीत जमली. मोना अजून कळफलकापाशीच होती, तिच्यापुढचा पडदा कोरा होता. अवंती उंबऱ्यावर बसली. नवे कपडे घातले होते, पण गुडघ्यांना रांगण्याची धूळ तशीच होती.

"चालत नाहीये, दादा. उद्या बंगलोरला फोन करते," ती म्हणाली.

दादा देवघरात आले, तलवार उचलून खुंटीला लावली आणि मग माळ्यावर न्यायला मला हातात घेतलं. कडेची पहिली तार ओढली. ती नेमकी आत्यानं खोचलेली.

पोटातली जत्रा पांगली. त्या क्षणी मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आणि चिरागनं माडीवरून एवढा वेळ लिहिलेलं सगळं भडाभडा पुढच्या खोलीतल्या पडद्यावर येऊन पडलं.

"आलं, दीदी," मोना म्हणाली, आणि गल्लीसमोर मोठ्यानं वाचू लागली. एकेका अक्षराला बोट लावून वाचत होती, म्हणून सगळे श्वास रोखून एकेका अक्षराची वाट बघत होते.

"आ… जो… बांनी… आजोबांनी… देवीच्या कडा… कण्या… खाल्ल्या. मी… डो… ळ्यांनी… पाहिलं."

'ळ' बिनचूक आला. अवंती उठून उभी राहिली.

"आत्याला… वाटतं… उंदीर," मोनानं संपवलं.

आत्या म्हणाली, "नारायण?"

दादा देवघराच्या दारात, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात ती तार. "हिला मराठी वाचायला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"दीदीनं."

"हं." त्यांनी मला जागेवर ठेवलं, बाकीच्या तारा चाचपून बघितल्या आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. "अवंती, हे कसं लिहितात? मला जबाब द्यायचाय."

त्यांनी एका बोटानं लिहिलं: 'उंदीरच होता.'

माडीवरून उत्तर आलं: 'त्याला मिशी होती. चष्मापण.'

गल्ली हसली, आत्यासुद्धा. दादा रात्रीच्या जेवणाला उठेनात. त्या दिवसानंतर माळ्याचा विषय निघाला नाही. साहेबाचा तिसरा फोन आला, तेव्हा तो दादांनीच घेतला आणि म्हणाले, "ती कामात आहे."

आता मी थकलोय. अवंतीच्या वर्गाला मोठी जागा मिळाली, तिथं माझ्यापेक्षा शहाणे डबे आहेत; ज्याचा निरोप त्यालाच देतात. मी देवघरातच आहे, तारांवाचून. त्या दिवशी दुरुस्ती कुणी केली याच्या घरात तीन गोष्टी सांगतात. अवंती म्हणते, तिनं सगळं पुन्हा चालू केलं त्याचा परिणाम. दादा म्हणतात, कारखान्यातला हात. आत्या म्हणते, पूजेचं फळ. पाचव्या भोकाबद्दल कुणाला काही माहीत नाही.

जन्मभर ऐकलेलं सगळं सगळ्यांना सांगितलं. ही एकच गोष्ट मी पोटात ठेवली होती, आणि तीही आज तुम्हाला सांगून बसलो. जित्याची खोड. निदान तुम्ही तरी माझ्यासारखं करू नका. आत्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

ती दर खंडेनवमीला मला अजून तलवारीशेजारी मांडते. पाठीमागची भोकं बघते आणि म्हणते, "रिकामं बरं दिसत नाही." मग पाचही तोंडांत एकेक झेंडू खोचते. त्या दिवशी मला काहीच सांगता येत नाही.