पोटाखालची पाचर

मी बाक बोलतोय. एकटेच आला असाल तर जरा बेताने टेका, कारण एकट्याच्या वजनाने मी त्या बाजूला कलतो. मला पाय नाहीत. नुसतं गोलसर पोट आहे आणि त्यावर एक लांब फळी. दोन टोकांना दोघं बसली, तरच मी सरळ होतो.

मला घडवलं मिस्त्रींच्या लेकीने. वादळात पडलेलं एक झाड तिने कारखान्यात आणवलं, तेव्हा मी त्या खोडात झोपलेलो होतो. वाऱ्यावर डोलायची जन्माची सवय. अंगावर रंधा फिरायला लागला तसं वाटलं, संपलं आपलं डोलणं. पण तिने बोटांनी माझ्या रेषा चाचपल्या आणि माझं पोट गोलच ठेवलं. अजूनही अंगावर ऊन आलं की मला पानांची सळसळ ऐकू येते. कुठून येते ते विचारू नका.

मिस्त्रींनी मात्र मला पाहून नाक मुरडलं. चाळीस वर्षं त्यांनी टेबलं, दारं, कपाटं केलेली, त्यातलं एकही कधी डुगडुगलं नाही.

"हा बाक आहे का थट्टा?" ते लेकीला म्हणाले. "वाकडी कामं करायला नव्हतं शिकवलं मी तुला."

ते गेले ते कारखान्यात पुन्हा फिरकलेच नाहीत. घरी बापलेक समोरासमोर जेवायची, पण कामाचा विषय निघाला की एकमेकांकडे मीठ सरकवायची. मला पॉलिश करताना लेक हे सगळं सांगायची. बाबांनी एकदा माझ्यावर बसावं, एवढंच तिला हवं होतं. अशी दोन वर्षं गेली.

मग माझं नशीब फळफळलं, म्हणजे लोक तसं म्हणाले. मला प्रदर्शनात नेलं, भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली, 'हात लावू नये'. घ्या, बसण्यासाठी जन्मलो आणि बसायचीच बंदी. लोक यायचे, माना तिरक्या करायचे आणि एकमेकांना समजावून सांगायचे, की मी म्हणजे मनाची अवस्था आहे. असेन बापडा. मला आपलं कुणीतरी टेकायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी मिस्त्री आले. इस्त्रीचा सदरा घालून, कुणाला न सांगता. माझं बुंध्याकडचं टोक जड, त्यामुळे रिकामा असलो की मी कललेलाच असतो. तेवढ्यात मागे कुणीतरी हसलं. कशाला, कोण जाणे. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी दोरी ओलांडली, गुडघे टेकले, खिशातून लाकडी पाचर काढली आणि माझ्या पोटाखाली ठोकून बसवली. मी सरळ झालो, पण माझं डोलणं थांबलं. पानंही गप्प झाली.

रखवालदार धावला. "आजोबा, अहो काय करताय?" त्याच्यामागून लेक आली.

"लोक हसत होते तुझ्या कामाला," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "म्हटलं, आणखी कुणी बघायच्या आत नीट करून टाकावं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना आपली लाज वाटते, असं ती धरून चालली होती. त्यांना तर तिची काळजी लागली होती. तिने पाचर काढून त्यांच्या हातात दिली.

"बसा, बाबा."

ते टेकले, मी कललो. "अगं, पडतोय की मी."

"थांबा जरा," म्हणत ती दुसऱ्या टोकाला बसली. मी हळूच वर आलो. मिस्त्रींनी सवयीने खिशातली सपाटी तपासायची पाणसळ काढून फळीवर ठेवली. आतला बुडबुडा इकडेतिकडे झाला आणि मधोमध थांबला. त्यांनी पाणसळ उलट फिरवून पुन्हा तपासलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी आजवर कुणालाच दिलेली नाही.

आता मी कारखान्याच्या दाराशी असतो. सहा वर्षं झाली, रोज संध्याकाळी दोघं चहा घेऊन माझ्यावर बसतात. एक गोष्ट मला कळते, ती ते एकमेकांशी बोलत नाहीत. मिस्त्री हलके होत चाललेत. त्यांचं टोक वर जायला लागलं की लेक गुपचूप बोटभर आत सरकते. आधी ती पार कडेला बसायची. आता तिचा हात त्यांच्या हातापर्यंत पोचतो.

एक दिवस ती एकटीच येईल, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी फार कलेन. तेव्हा तुम्ही इथून जात असाल तर एवढं करा, दुसऱ्या टोकाला येऊन टेका. काही बोलायची गरज नाही. पाचर मात्र आणू नका.