ज्याचं करणारं कुणी नाही

ख्रिस्ती मंडळीचा सेवक, डीकन क्रेसेन्स, याने बोरू शाईत बुडवला आणि विचारलं, "नवरे किती?"

रोगाता त्याच्यासमोर उभी होती. मुलीने, दातिवाने, तिचं कोपर धरलं होतं, कारण म्हातारीला आता नुसत्या सावल्याच दिसत. कार्थेजला मुलीकडे येऊन वर्ष झालं होतं, आणि त्या घरात तीन पोरांना पुरेल एवढंही पीठ नसे. मंडळीच्या विधवांच्या बाकावर जागा मिळाली, तर दर आठवड्याला भाकऱ्या, तेल, आणि मेल्यावर खांदा द्यायला चार माणसं.

"बिशपांचं नवं पत्र आलंय," क्रेसेन्स म्हणाला. "नवरा नेऊन देव बाईला मोकळं करतो. तिने पुन्हा संसार थाटला, तर तो व्यभिचारच. अशा बाईला बाक नाही."

पत्र लिहिणारा काही रोगातासारखा तेराव्या वर्षी विधवा झाला नव्हता.

बाकावर बसलेली एक विधवा, प्रिमोसा, ओरडली, "अहो, मी हिच्याच गावची! हिच्या लग्नात जेवलेय मी. सातूर मेंढपाळ. महिन्याभरात तापाने गेला बिचारा. मग मी गाव सोडलं."

पुढचं प्रिमोसाला ठाऊक नव्हतं. पुढे मिग्गिन कुंभार आला, त्याच्यापासून दातिवा झाली, आणि त्याच्यासोबत रोगाताने एकतीस वर्षं सुखाने काढली. सातूरचा तर चेहराही तिला आठवत नव्हता.

"एकच," ती म्हणाली. "सातूर."

"आणि ही मुलगी?"

"त्याचीच."

कोपरावरचा हात सुटला. थोड्या वेळाने पुन्हा आला. क्रेसेन्सने रोगाताचं नाव बाकाच्या यादीत लिहून घेतलं.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत मिग्गिनची मृत्युतिथी आली. त्या दिवशी घरच्या माणसाने भाकरी आणायची, म्हणजे प्रार्थनेत मेलेल्याचं नाव घेतलं जातं. रोगाता बाकावर बसून होती. पोरगी आली तर बाक जाईल, आणि नाही आली तर त्याचं नावही कुणी घेणार नाही, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता.

जिऱ्याच्या भाकरीचा वास आला. मिग्गिनला तीच आवडायची.

"कुणाच्या नावाने?" क्रेसेन्सने विचारलं.

"मिग्गिन कुंभार," दातिवाचा आवाज.

"तुझा कोण?"

रोगाताने डोक्यावरचं वस्त्र मुठीत आवळलं.

"कुणी नाही," दातिवा म्हणाली. "शेजारी होता. लहानपणी मला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा. त्याचं करणारं कुणी उरलं नाही, म्हणून आणली."

"पुण्याचं काम केलंस, पोरी."

मग नावं वाचली गेली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं हे विधवांचंच काम. 'मिग्गिन कुंभार, ज्याचं करणारं कुणी नाही,' असं वाचलं गेलं, तेव्हा सगळ्या बाकाबरोबर रोगाताही आमेन म्हणाली.

प्रिमोसाने तिला कोपराने ढोसलं. "कोण गं हा?"

"कुणास ठाऊक," रोगाता म्हणाली.